‘सर्वांना २ मेगाबिट’ : हेडसेटच्या या बाजूने केलेलं परीक्षण

वस्तू : ब्रिटिश सरकारचं ‘प्रत्येक घराला किमान २ मेगाबिट ब्रॉडबँड’ हे आश्वासन.
बाजारात आलं : जून २००९.
घरपोच मिळण्याची तारीख : २०१२. नंतर खोडून २०१५.
माझे तारे : पाचपैकी दीड. त्यातला अर्धा कशासाठी, ते ओघात येईल.

मिक्सरचं परीक्षण लोक लिहितात, मोबाइलचं लिहितात, मग आश्वासनाचं का लिहू नये? त्याचेही पैसे गिऱ्हाइकानेच भरलेले असतात. आणि या वस्तूबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे. २००८ ते २०१६ मी एका ब्रिटिश इंटरनेट कंपनीच्या मदत-क्रमांकावर रात्रपाळी केली. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून काही वेगळं कळणारही नाही. तिकडच्या खेड्यातला माणूस संध्याकाळी राउटरशी भांडून थकला की फोन लावायचा आणि तो माझ्या कानात वाजायचा. हिवाळ्यात त्यांचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. ब्रिटनला मी आजतागायत गेलेली नाही. पण तिथलं कुठलं गाव टेलिफोन एक्स्चेंजपासून किती लांब आहे, हे मला माझ्या चुलतभावांच्या पत्त्यांपेक्षा जास्त पाठ होतं.

ते असं पाठ व्हायचं : ग्राहकाला त्याच्या राउटरच्या पानावरचा एक आकडा वाचून दाखवायला सांगायचो. तारेतून येता येता सिग्नल किती मरतो, त्याचं डेसिबलमधलं माप. २० असेल तर माणूस एक्स्चेंजच्या शेजारी राहतो, आवाजही मजेत असतो. ४५ ला कुरकुर. ६० च्या वर गेला की मी पाण्याची बाटली जवळ ओढून घ्यायची, कारण हा कॉल लांबणार. जुन्या राउटरांवर तो आकडा ६३.५ ला जाऊन अडकायचा. त्यापुढे मोजायची सोयच त्यांच्यात नव्हती. तार पाच किलोमीटर असो की सात, वाचून दाखवताना साडेत्रेसष्टच. अशा ग्राहकांना आम्ही आपसांत ‘साडेत्रेसष्टवाले’ म्हणायचो. हे परीक्षण त्यांच्या वतीने आहे असं समजा. त्यांना कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

तर १६ जून २००९ ला ‘डिजिटल ब्रिटन’ नावाचा जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला. गॉर्डन ब्राऊन यांच्या सरकारातले मंत्री लॉर्ड कार्टर यांनी तो केला होता. २०१२ पर्यंत प्रत्येक घराला २ मेगाबिट, हे त्यातलं ठळक वाक्य. आमच्या टीम लीडरने शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांना उभं करून सांगितलं, आज याबद्दल विचारतील, ‘आम्ही या घोषणेचं स्वागत करतो’ एवढंच म्हणायचं. विचारलं ते साडेत्रेसष्टवाल्यांनीच. बाकीच्यांना पत्ताही नव्हता. एका आजोबांचा आनंद अजून कानात आहे. त्यांना अर्धा मेगाबिट मिळायचा, म्हणजे त्यांच्या हिशेबाने वेग चौपट होणार होता. ‘२०१२ मध्ये मी ब्याऐंशीचा असेन,’ म्हणाले, ‘थांबू शकतो.’

२ मेगाबिट म्हणजे किती? सेकंदाला पाव मेगाबाइट. एक जीबीची फाइल उतरवायला सदुसष्ट मिनिटं, तीही तार त्या दिवशी शहाण्यासारखी वागली तर. घरात दुसरं कुणी काही बघत नसेल तर. पाऊस नसेल तर. २००९ मध्येसुद्धा हा वेग काही डोळे दिपवणारा नव्हता. बीबीसीने आयप्लेअर सुरू करून दीड वर्ष झालं होतं आणि लोक टीव्हीवरचे कार्यक्रम संगणकावर बघायला लागले होते. त्याच वर्षी दक्षिण कोरियाने २०१२ पर्यंतचाच आपला संकल्प जाहीर केला : १ गिगाबिट. वर्ष तेच, मुदत तीच, आकडा पाचशे पट. कोरियालाही तो वेळेत जमला नाही; तिथल्या कंपन्या घरगुती गिगाबिट विकायला लागेपर्यंत २०१४ उजाडलं. पण दोन वर्षं उशिरा आलेला गिगाबिट आणि तीन वर्षं उशिरा आलेले २ मेगाबिट, यांतला कुठला उशीर परवडेल ते तुम्हीच ठरवा.

बरं, हा २ चा आकडा आला कुठून? माझा खरा राग इथे आहे, म्हणून जरा बसून सांगते.

टेलिफोनची तांब्याची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. बोलण्याला लागतात त्या खालच्या पट्टीतल्या लहरी, आणि त्या लांब जातात. ब्रॉडबँड त्याच तारेवर वरच्या पट्टीतल्या लहरींवर चालवतात, आणि त्या अंतराने पटापट मरतात. एक्स्चेंजच्या जवळ राहणाऱ्याला त्याच तारेतून वीस मेगाबिट मिळतील, चार-साडेचार किलोमीटरवरच्याला जेमतेम दोन. त्यातून काही भागांत साठ-सत्तरच्या दशकांत तांबं महाग झालं म्हणून ॲल्युमिनियमच्या तारा टाकलेल्या. त्या निघाल्या की आमचं सगळं शास्त्र संपायचं. आता गंमत बघा. २००९ मध्ये दर दहा घरांपैकी जवळजवळ नऊ घरांना २ मेगाबिट आधीच मिळत होते, याच जुन्या तारेवर. म्हणजे असा आकडा निवडला, जो गाठायला देशाच्या बहुतेक भागात कुदळसुद्धा मारावी लागू नये.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला शिकवलेलंच असतं. पण अंथरूण आजोबांच्या काळातलं असेल तर? मग पाय आखडून घ्यायचे, आणि नातवंडांनाही आखडायला शिकवायचं?

जुन्या तारेऐवजी टाकायचं ते फायबर, म्हणजे काचेची तार. ती काच काही महाग नसते. महाग असतं खणणं : परवानग्या, रस्ता फोडणं, पुन्हा बुजवणं. एकदा चर खणला की त्यातून २ मेगाबिट न्या किंवा २ हजार न्या, चर तोच. म्हणून इथे कमी मागून पैसे वाचत नाहीत. आज २ साठी जुन्या तारेला ठिगळ लावा, पाच वर्षांनी १० साठी दुसरं, आणि शेवटी खणायचं ते खणाच. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आहे : चांगली जोडणी घेणाऱ्याचा वेग दरवर्षी साधारण निम्म्याने वाढतो. दहा वर्षं असं चाललं तर सत्तावन्नपट होतं. गणित चुकलं असं धरा, पंधरापटच धरा. तरी दहा वर्षांनी २ चा आकडा बोलायच्या लायकीचा राहत नाही. हे अहवाल लिहिणाऱ्यांना कळत नव्हतं, असं मला वाटत नाही.

आणि ते वचन होतं, हक्क नव्हता. इंग्रजी कागदात ‘कमिटमेंट’ होतं, ‘ऑब्लिगेशन’ नव्हतं. फिनलंडने तर त्याहून लहान आकडा दिला, १ मेगाबिट. पण १ जुलै २०१० पासून कायद्याने दिला, असं करणारा तो पहिला देश. आणि शेजारी २०१५ पर्यंत १०० मेगाबिटचं उद्दिष्टही लिहून ठेवलं. लहान आकड्याबद्दल माझी तक्रार तिथे नाही. अमेरिकेने मार्च २०१० च्या राष्ट्रीय आराखड्यात एकाच मांडवात दोन पंगती मांडल्या : २०२० पर्यंत १० कोटी घरांना १०० मेगाबिट, आणि बाकी सर्वांसाठी किमान म्हणून ४. आपल्याकडे हसू नका. भारतात ब्रॉडबँड म्हणजे २००४ च्या धोरणानुसार २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२, आणि २ मेगाबिट ही व्याख्या व्हायला २०२३ उजाडलं. कार्टरसाहेबांचा आकडा आपण चौदा वर्षांनी गाठला, तोही व्याख्येत.

आता तो अर्धा तारा. त्याच अहवालात आणखी एक कलम होतं : देशातल्या प्रत्येक टेलिफोन जोडणीवर महिना ५० पेन्स कर, आणि त्यातून पुढच्या पिढीचं जाळं, जिथे बाजार स्वतःहून जाणार नाही तिथे. वर्षाला सहा पौंड. सगळ्या आश्वासनात मला प्रामाणिक वाटलेली ही एकच गोष्ट, कारण कुणीतरी म्हणत होतं की याला पैसे लागतात आणि ते असे गोळा होतील. शहरातल्या वीस डेसिबलवाल्यांना ते आवडलं नाही. एकाने मला अर्धा तास सुनावलं, जणू कर मीच लावला होता. एप्रिल २०१० मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, कर मागे घेतला गेला. वचन तेवढं मागे राहिलं.

निवडणुकीनंतर नवं सरकार आलं. संस्कृती व माध्यम खात्याचे मंत्री जेरेमी हंट यांनी २ मेगाबिटची मुदत २०१२ वरून २०१५ वर नेली. आमच्या आजोबांचा हिशेब ब्याऐंशीवरून पंच्याऐंशीवर गेला. त्याच वेळी ‘२०१५ पर्यंत युरोपातलं सर्वोत्तम सुपरफास्ट ब्रॉडबँड’ अशी दुसरी घोषणा झाली. सुपरफास्ट म्हणजे २४ मेगाबिट, तेही आधी ९० टक्क्यांना. फायबर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हिरव्या पेटीपर्यंत, पेटीपासून घरापर्यंत तीच जुनी तार. जिल्ह्याजिल्ह्यांची पहिल्या फेरीतली कंत्राटं शेवटी सगळीच्या सगळी बीटी या एकाच कंपनीला गेली आणि २०१३ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावरून सरकारला चांगलंच धारेवर धरलं. पेटीजवळच्यांचं भलं झालं, हे नाकारत नाही. अशा ग्राहकांचे कॉल एकदम कमी झाले. पेटीपासून लांब असलेले तसेच राहिले, आणि ते बहुधा आमचे साडेत्रेसष्टवालेच होते.

डिसेंबर २०१५. मुदत संपत आलेली, अजून कित्येक घरं दोनच्या खाली. सरकारने काय केलं? उपग्रहाच्या जोडणीसाठी सवलतीची योजना काढली. २ मेगाबिट मिळत नसतील त्यांनी अर्ज करायचा, छतावर तबकडी बसवून घ्यायची. कागदावर वचन पुरं. आता हा उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर. तुम्ही एक बटण दाबलंत की निरोप वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा त्यात अर्धा सेकंद जातो. चित्रपट बघायला चालेल. बोलायला बसलात तर दोघंही एकाच वेळी बोलणार, दोघंही एकाच वेळी थांबणार. ‘वेग तर दहाचा दाखवतोय, मग मुलीशी धड बोलता का येत नाही?’ असं एका बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या स्क्रिप्टमध्ये उत्तर नव्हतं. उपग्रह आमचा नव्हताच, त्यांनी जुन्या सवयीने आम्हाला फोन लावला होता. मी त्यांना ३६ हजार किलोमीटरचा हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, हे आधी कुणी का नाही सांगितलं?

इथे एका शब्दाबद्दल बोललंच पाहिजे : ‘पर्यंत’. ‘८ मेगाबिटपर्यंत’, ‘२४ मेगाबिटपर्यंत’. आमच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ हा शब्द. एप्रिल २०१२ पासून तिकडच्या जाहिरात-नियमांत असं होतं की दहा टक्के ग्राहकांना तो वेग मिळत असला तरी जाहिरातीत छापायला हरकत नाही. उरलेले नव्वद टक्के आमच्याकडे. मग आम्ही त्यांना भिंतीवरच्या मुख्य सॉकेटचं झाकण स्क्रू काढून उघडायला लावायचो, आतल्या टेस्ट सॉकेटला राउटर जोडून बघायला सांगायचो, नाताळ असेल तर झाडावरची दिव्यांची माळ बंद करायला लावायचो. कधी कधी माळेचा खरंच संबंध असायचा. बहुतेक वेळा नसायचा, पण कॉलची वीस मिनिटं निघून जायची. निम्म्या ग्राहकांना गर्दीच्या वेळी मिळेल तोच वेग छापायचा, हा नियम यायला मे २०१८ उजाडलं. मी तोवर नोकरी सोडली होती. छापील वेग एका रात्रीत उतरले हे वाचून मी एकटीच हसत बसले होते.

नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही, म्हणून पुढचंही बघितलंय. अखेर कायद्याने हक्क मिळाला : १० मेगाबिट खाली, म्हणजे उतरवायला, आणि १ मेगाबिट वर, म्हणजे पाठवायला. अंमल सुरू झाला २० मार्च २०२० ला, शुक्रवारी. तारीख ओळखीची वाटते? कोरोनामुळे इंग्लंडमधल्या शाळा बंद झाल्या तो हाच शुक्रवार. दोन मुलांचे वर्ग, आईची मीटिंग, बापाचं हेल्पडेस्क, सगळं एका घरात, आणि कायद्याने वर पाठवायला १ मेगाबिट. बऱ्यापैकी चेहरा दिसेल असा एकच व्हिडिओ कॉल तेवढा सगळा खातो. शिक्षिकेने तीनशे एमबीचा व्हिडिओ चढवायला घेतला तर चाळीस मिनिटं घरात कुणी कॅमेरा लावायचा नाही.

वर पाठवण्याचा वेग हे या सगळ्या आश्वासनांचं अनौरस पोर आहे. त्याचं नावही कुणी घेत नाही. जुन्या तारेवरच्या तंत्राच्या नावातच ‘असमान’ हा शब्द होता : घेणाऱ्याला जास्त, देणाऱ्याला कमी. माणूस घरी बसून फक्त बघणार, तो काही बनवून पाठवणार नाही, असं गृहीत धरलेलं. माझे साडेत्रेसष्टवाले मात्र सतत काहीतरी पाठवत असायचे : जनावरांच्या नोंदी, कराचे कागद, लग्नाचे फोटो. एक बाई घरून नकाशे काढायच्या आणि फाइल चढवायला लावून झोपायला जायच्या. सकाळी उठून बघायचं, गेली की अडकली. त्या रात्री-अपरात्री फोन करायच्या तेव्हा आमच्याकडे चहाची वेळ असायची.

त्या हक्काला आणखी एक अट होती. तुमच्या घरापर्यंत जोडणी आणायचा खर्च ३,४०० पौंडांच्या वर गेला तर वरचे पैसे तुम्ही भरा. हक्क, पण परवडला तर.

मोठ्या आश्वासनांनाही मी सूट देत नाही. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी २०२५ पर्यंत घरोघर फायबर म्हटलं, मग त्याचं ‘गिगाबिटक्षम’ झालं, मग २०२० च्या नोव्हेंबरात ‘८५ टक्के’ झालं. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये ९० टक्के घरांपर्यंत फायबर न्यायचं ठरवलं, २०१३ मध्ये सरकार बदललं तसा तो बेत मोडून जुन्या तारांवर २५ मेगाबिट पुरेत असं ठरवलं, आणि २०२० मध्ये पुन्हा ४.५ अब्ज डॉलर काढून त्याच तारांच्या जागी फायबर न्यायला घेतलं. चर शेवटी खणावा लागलाच.

एक तारा राहिला. तो या वस्तूला नाही, वस्तू मिळाली नाही म्हणून जे घडलं त्याला आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या उत्तरेला काही खेड्यांनी २०११ मध्ये मिळून संस्था काढली, बी-फोर-आर-एन नावाची. गावकऱ्यांनी शेअर घेतले, शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून नळी न्यायला फुकट वाट दिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी स्वतः चर खणले, जमीन मऊ असेल तिथे ट्रॅक्टरला नांगर लावून. आणि घराघरात १ गिगाबिट नेला, खाली तेवढा, वर तेवढाच. तेव्हा महिना ३० पौंडांत. सरकार सगळ्यांना २ द्यायला धडपडत होतं त्याच वर्षांत, ज्या भागात ‘परवडत नाही’ म्हणून कुणी जात नव्हतं त्याच भागात.

मला हे कळलं एका कॉलवरून. २०१४ असावं. जुने साडेत्रेसष्टवाले, मेंढपाळ, आवाज मी ओळखत होते. जोडणी बंद करायची म्हणाले. बंद करणाऱ्याला थांबवायची वेगळी स्क्रिप्ट असते. मी ती वाचली : सहा महिने निम्म्या दरात, नवा राउटर फुकट. ते शांतपणे ऐकून म्हणाले, एक मिनिट थांब, मी तुला आकडा वाचून दाखवतो. वेगाची चाचणी लावली आणि वाचलं : खाली नऊशे अठ्ठावीस, वर नऊशे एकतीस.

मी विचारलं, दशांश चिन्ह कुठे आहे?

नाहीये, म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नव्हतं. मग त्यांनी कोणाच्या शेतातून नळी आली, कुठे दगड लागला, कोणाची गाय चरात उतरली, सगळं सांगितलं. माझं कॉलचं सरासरी वेळेचं गणित त्या रात्री पार कोसळलं. शेवटी जोडणी बंद करण्याचं कारण भरायचं होतं. यादीत पर्याय होते : घर बदललं, दर जास्त, दुसरी कंपनी, ग्राहकाचा मृत्यू, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि खालच्या चौकटीत लिहिलं, ग्राहकाने स्वतः खणलं.

दुसऱ्या दिवशी क्वालिटीवाल्यांनी तो कॉल ऐकला आणि माझे दोन गुण कापले. शेरा होता : ग्राहकाला अधिक वेगाचा प्लॅन सुचवला नाही.